तिसऱ्या लॅबचं कुलूप : महाविद्यालयाच्या संचालक मंडळास खुलं पत्र

सांगली, ३० मे २०२६

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

महाविद्यालयाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांनी ओळखायचं ते दोन ओळींत ओळखतील. बाकीच्यांनी नाव शोधत बसू नये, आपल्या गावातल्या कॉलेजचा नोटीस बोर्ड एकदा बघून यावा.

मी हरभट रोडवर डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक. तुमच्या कॉलेजचा मी माजी विद्यार्थी नाही, बारावीनंतर शिकलोच नाही. तरीही गेली १२ वर्षं, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला मी तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तिसऱ्या लॅबमध्ये येऊन बसतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणकावर घालता येणारी, फुकट आणि सगळ्यांना खुली ऑपरेटिंग सिस्टीम. ती वापरणाऱ्यांची बैठक तिथे भरते. कधी बारा माणसं, कधी तीस. पहिला तासभर कोणीतरी काहीतरी सांगतो, मग एकपर्यंत ज्याचं जे अडलंय ते सगळे मिळून सोडवतात. फी नाही, सभासदत्व नाही, अध्यक्ष नाही. चहाचे पैसे डब्यात.

१० मेला बैठक झाली आणि ११ तारखेला आपलं परिपत्रक निघालं. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. कुणी पाठवला ते कृपया विचारू नका. परिपत्रकानुसार जूनपासून बाहेरच्या लोकांना लॅब हवी असेल तर संस्था नोंदणीकृत असली पाहिजे आणि दर सत्राला ३,५०० रुपये भरले पाहिजेत. व्याख्यानाचा विषय, वक्त्याचा बायोडेटा आणि शैक्षणिक पात्रता १५ दिवस आधी समितीकडे द्यायची. बाहेरचा लॅपटॉप किंवा सीपीयू कॉलेजच्या विजेला किंवा नेटवर्कला जोडायचा नाही. आणि लॅबमधले ४० संगणक 'कालबाह्य' झाल्यामुळे निर्लेखित करून, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकून, निविदेने विकायचे, त्या जागी रविवारी एका खासगी संस्थेचा सशुल्क प्रमाणपत्र वर्ग बसवायचा.

हे गुपचूप गिळून घरी बसावं असं मलाही दोन दिवस वाटलं होतं. आमच्या धंद्यात कॉलेजं गिऱ्हाईक असतात. पण मग २०१९ आठवलं.

त्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी हरभट रोडवर शिरलं, हे आपल्याला सांगायला नको. दुकानातले दोन सीपीयू खाली राहिले, ते आठवडाभर गाळात होते. तिसरा मी माळ्यावर चढवला होता. पाणी माळ्याला टेकलं तेवढंच, पण त्याचा तळ भिजला. त्या तिसऱ्याच्या हार्ड डिस्कवर एका निवृत्त शिक्षकांचं पुस्तक होतं. २१२ पानं, दोन वर्षं थोडं थोडं टाइप करून घेतलेलं. त्यांच्या हस्तलिखित वह्या त्यांच्या घरात बुडाल्या. पेन ड्राइव्हवर प्रत? 'करायची आहे' असं दोघंही म्हणत राहिलो होतो.

सप्टेंबरची बैठक गणपतीत आली. मी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, बांगडा आणावा तशी. तुमच्याच कॉलेजचा एक तृतीय वर्षाचा मुलगा आणि एमआयडीसीत मेंटेनन्स करणारे एक गृहस्थ, दोघांनी मिळून डिस्कचं सर्किट बोर्ड उघडलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशने चिखल काढला. मग ती लॅबमधल्या शेवटच्या रांगेतल्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम फार शहाणा आहे. डिस्कचा जो भाग सहज वाचता येतो तो आधी उचलून घेतो, जिथे अडखळतो ती जागा टिपून ठेवून पुढे जातो, आणि सगळं झालं की त्या अडलेल्या जागांकडे परत येऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कुठपर्यंत आलो याची नोंद तो फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. रविवारी दुपारी लावलेला तो मंगळवारी संध्याकाळी संपला. तुमच्या लॅब असिस्टंटनी त्या मॉनिटरवर कागद चिकटवला होता : 'बंद करू नये. आत पुस्तक आहे.'

पुस्तक निघालं. एका प्रकरणातली नऊ पानं गेली, ती सरांनी पुन्हा लिहून दिली. गाळातल्या दोन डिस्क मात्र गेल्या त्या गेल्या.

आपल्या परिपत्रकाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे ती डिस्क लॅबच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकली नसती. नोंदणी प्रमाणपत्र नसल्यामुळे त्या दिवशी मीही आत आलो नसतो. म्हणून हे पत्र.

आता एकेक मुद्दा घेतो.

भाडं. ३,५०० हा आकडा हॉलच्या दरपत्रकातून आला असावा, जिथे साखरपुडे आणि सेवानिवृत्तीचे सत्कार होतात. आमच्या डब्यात चहा-बिस्किटांनंतर दोनशे-अडीचशे उरतात. नोंदणी करा असं सुचवणाऱ्यांना विचारतो, कशासाठी? घटना, कार्यकारिणी, वार्षिक सभा, लेखापरीक्षण, आणि मग खजिनदार कोण यावरून भांडण. इतकी वर्षं आमच्यात भांडणं झाली ती डेबियन चांगलं की फेडोरा, या लिनक्सच्याच दोन प्रकारांवरून. ती मी सहन करीन.

शिवाय, ज्या बैठकीला आपण आता 'बाह्य संस्थेचा कार्यक्रम' म्हणता, तिचे फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत 'विस्तार उपक्रम' या मथळ्याखाली आहेत. हे मला खात्रीने माहीत आहे, कारण त्या दिवशी भिंतीवर लावलेला बॅनर माझ्याच दुकानात छापला होता. नॅकची समिती येते तेव्हा आम्ही तुमचे, आणि समिती गेली की बाहेरचे.

वक्त्याची पात्रता. या कलमाचा मला सगळ्यात जास्त राग आला, पण रागाने लिहिणार नाही.

आमच्याकडे बोललेल्या काही जणांची 'पात्रता' सांगतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानातले एक दिवाणजी, शिक्षण दहावी. त्यांनी आरसिंक (फायलींची प्रत करणारं) आणि क्रॉन (ठरल्या वेळी काम लावणारं) ही साधनं वापरून दुकानाचे हिशेब रोज रात्री आपोआप दुसऱ्या डिस्कवर कसे उतरवायचे ते सांगितलं. वीस मिनिटं, एकही स्लाइड नाही, फळा आणि खडू. 'दिवस बुडाला की चोपडी गुंडाळून ठेवतो तसं हे,' म्हणाले. बॅकअप म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते पुराच्या आधी ऐकलं असतं तर वरची गोष्ट लिहावीच लागली नसती. एक आयटीआय झालेला फिटर, त्याने जुन्या अँड्रॉइड फोनचा सर्व्हर केला होता. आणि तुमच्याच दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, जिचं प्रात्यक्षिक भर बैठकीत कोसळलं. स्क्रीन काळी, नुसता कर्सर लुकलुकतोय. ती रडकुंडीला आली. मागून कोणीतरी म्हणालं, 'थांब, आता खरं व्याख्यान सुरू झालं.' पुढचा पाऊण तास सगळ्यांनी मिळून लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचले. चूक एका स्वल्पविरामाची होती. पंधरा दिवस आधी समितीला काय कळवणार होती ती? 'विषय : माझी अजून न झालेली चूक'?

लिनक्सची सुरुवात कशी झाली हे आपल्यापैकी प्राध्यापक असलेल्या सदस्यांना माहीत असेलच. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एका चर्चागटात लिहिलं की मी हौस म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, फार मोठं काही होणार नाही, कुणाला काय हवंय ते सांगा. त्याने आधी बायोडेटा जोडला नव्हता. आज जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्स चालतं, २०१७ च्या नोव्हेंबरपासून एकही अपवाद नाही. आणि आपल्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटातही त्याचाच गाभा आहे.

सुरक्षा. 'बाहेरच्या यंत्रांमुळे नेटवर्कला धोका' हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. धोका असतो. पण मग हेही ऐकून घ्या. २०२४ च्या मार्चच्या शेवटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या साधनाने, लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर चहा प्यायला गेला असता. हा खोदत गेला, आणि एक्सझेड नावाच्या साध्या फाइल दाबणाऱ्या साधनात लपवलेलं चोरदार सापडलं. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत. ते बसवणाऱ्याने दोनेक वर्षं इमानाने काम करून विश्वास मिळवला होता. त्या एप्रिलात दुसरा रविवार आंबेडकर जयंतीला आला म्हणून आमची बैठक आठवडाभर पुढे गेली, आणि विषय हाच होता. बैठक संपायच्या आत तुमच्या मुलांनी लॅबमधल्या लिनक्स असलेल्या प्रत्येक संगणकावर आवृत्ती तपासून कागदावर यादी केली. सगळीकडे ५.२.५, म्हणजे सुरक्षित. ती यादी आम्ही विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली होती. कॉलेजच्या नेटवर्कची अशी फुकट तपासणी त्याआधी कधी झाली होती का, हे आपणच पाहावं.

नेटवर्कची तार नकोच असेल तर नको. आम्ही आमचा डोंगल आणतो. पण विजेचा प्लगही नाही म्हणजे काय? भिजलेली डिस्क मेणबत्तीवर चालत नाही.

'हल्ली सगळं व्हिडिओत मिळतं' आणि 'हल्ली एआयला विचारलं की झालं' अशी दोन वाक्यं आपल्या मंडळाच्या बैठकीत उच्चारली गेली असं ऐकतो. पहिल्याबद्दल : आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही केले आहेत, चांगले आहेत, नव्या माणसाला आम्ही तेच बघून यायला सांगतो. पण व्हिडिओला तुमच्या स्क्रीनवरची चूक दिसत नाही. दुसऱ्याबद्दल एक प्रसंग. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवत होता. डीडी या डिस्कवर थेट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमची आज्ञा त्याने एआयकडून लिहून घेतली होती. आज्ञा बिनचूक होती, फक्त तिच्यात लिहायची जागा 'एसडीबी'ऐवजी 'एसडीए' होती. एसडीबी म्हणजे पेन ड्राइव्ह, एसडीए म्हणजे त्याची स्वतःची हार्ड डिस्क, वडिलांच्या दुकानाच्या जीएसटीच्या फायलींसकट. एंटर दाबणार तेवढ्यात शेजारच्याने त्याचं मनगट धरलं.

हे मनगट धरणं आमच्याकडे नियमाविरुद्ध आहे. तो नियम सांगितला पाहिजे, कारण ही बैठक म्हणजे काय ते त्यात येतं.

२०१४ च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा आलो. त्या महिन्याच्या ८ तारखेला विंडोज एक्सपीचा पाठिंबा संपला होता आणि माझ्या दुकानातली तिन्ही यंत्रं एक्सपीवर, तीही कुठून कशी आलेली ते न विचारलेलं बरं. नवीन घ्यायला पैसे नव्हते. मी सीपीयू टेबलावर ठेवला आणि एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांना म्हणालो, 'तेवढं लिनक्स टाकून द्या.' ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, 'टाका. मी बसलोय.' दोन तास त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. मी चुकत होतो, ते 'हं' म्हणत होते. कीबोर्ड मालकाच्या हातात, हा आमचा नियम. दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नीट होतं, पण घेऊन जाणारा होता तसाच राहतो. मी त्या दिवशी घरी गेलो तो यंत्र बसवता येणारा माणूस होऊन गेलो. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या एकाच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, आणि खरं सांगतो, हात मांडीवर ठेवणं फार अवघड असतं.

माझी पुढची अडचण मराठीची होती. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या शेकडो फायली. त्या फॉन्टमध्ये अक्षर दिसतं मराठी पण आत साठतं रोमन, फॉन्ट काढला की नुसता गोंधळ. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणायचं तर नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचं नेमकं उलटं. बैठकीतल्या दोन मुलांनी माझ्यासाठी पायथन या संगणकभाषेत रूपांतराची स्क्रिप्ट लिहिली. चार रविवार लागले, कारण दर वेळी मी नवीन बिघडलेला शब्द घेऊन यायचो. शेवटचा अडलेला शब्द 'कऱ्हाड'. सांगलीत लग्नपत्रिका छापायच्या आणि कऱ्हाड नीट उमटत नाही, म्हणजे धंदा बंद करायची वेळ. रफार ह च्या डोक्यावर चढून 'कर्हाड' व्हायचं. तेव्हा एका मुलीने दाखवलं की इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ येतो, मग हलन्त, मग ह. झालं. तीन कळा. व्याही मंडळी खूश. तो ऱ मी त्यानंतर रोज दाबतो, दऱ्या, वाऱ्या, कोऱ्या कागदासकट, आणि दर वेळी तिसरी लॅब आठवते.

हे सगळं कॉलेजने केलं असं मी म्हणत नाही. कॉलेजने एक दार उघडं ठेवलं होतं, महिन्यातून तीन तास. तेवढंच पुरत होतं.

आता संगणक. विंडोज १० चा पाठिंबा गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर. तुमचे ४० संगणक चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम. नियमाने पाहिलं तर कालबाह्य. पण यंत्र कालबाह्य झालेलं नाही, त्याच्यावरचं विंडोज झालं आहे. याच लॅबच्या शेवटच्या रांगेतले सहा संगणक गेली तीन वर्षं हलक्या लिनक्सवर चालतात. त्यांच्यावर सी भाषेचा कंपायलर जीसीसी आहे, पायथन आहे, लिबरऑफिस आहे. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात लिनक्सचं प्रात्यक्षिक आहे, आणि मुलं ते कसं करतात माहीत आहे का? जर्नलमध्ये निळ्या पेनाने आज्ञा आणि काळ्या पेनाने तिचं 'आऊटपुट' लिहून काढतात, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून. तारीखसुद्धा मागच्या वर्षीची उतरवलेली मी पाहिली आहे; बाइंडिंगला माझ्याकडेच येतात. आणि ज्यावर हे खरंखुरं करता येईल ते चाळीस संगणक आपण किलोवर विकायला काढले आहेत.

लिनक्स म्हणजे काहीतरी हौशी, सरकारमान्य नसलेलं, अशी शंका असेल तर केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून आहे. केरळने तर सरकारी शाळांतलं संगणक शिक्षणच त्यावर उभं केलं आहे. एका कॉलेजच्या एका लॅबला ते जड जाऊ नये.

सशुल्क वर्गाबद्दल थोडक्यात. वर्ग चालवा, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण तो नेमका दुसऱ्या रविवारी, नेमका दहा ते एक, नेमका तिसऱ्या लॅबमध्ये का, याचं उत्तर परिपत्रकात नाही. आणि वर्गात जे विषय शिकवणार त्यांची यादी मी वाचली : लिनक्सची ओळख, आज्ञा, शेल स्क्रिप्ट. इतकी वर्षं हे त्याच खोलीत फुकट मिळत होतं.

आमच्या बाजूच्या चुकाही लिहितो, नाहीतर आपण त्या काढून दाखवाल. दोनदा प्रोजेक्टर रात्रभर चालू राहिला. एकदा एका एक्स्टेंशन बोर्डवर सात सीपीयू लावून आम्ही मजल्याचा एमसीबी पाडला, आणि ऑफिसात काम करत असलेल्या मॅडमचा पगारपत्रकाचा दोन तासांचा टाइप गेला. त्यांची माफी मागितली होती, पुन्हा मागतो. चहाचे कप खिडकीत राहतात. आणि सगळ्यात वाईट : काही वर्षांपूर्वी एका नव्या मुलीने साधा प्रश्न विचारला तेव्हा आमच्यातल्या एका हुशार माणसाने 'आधी मॅन पेज वाचून ये', म्हणजे आज्ञेची माहितीपुस्तिका वाचून ये, असं सुनावलं. ती वर्षभर फिरकली नाही. तेव्हापासून पहिल्यांदा येणाऱ्याच्या शेजारी कोण बसणार ते आधी ठरवतो, आणि तो हुशार माणूस चहा आणायला जातो. फार पूर्वी बैठक संध्याकाळी असायची, तीही मुलींना सोयीचं म्हणून सकाळी आणली. कॉलेजच्या शिस्तीचा प्रश्न असेल तर असे नियम आमच्यावर जरूर घाला. रजिस्टरवर सही घ्या, ओळखपत्र बघा, एमसीबीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.

मागण्या अशा आहेत.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा ते एक तिसरी लॅब या बैठकीसाठी पूर्वीसारखी विनाभाडं मिळावी. नोंदणीची अट या बैठकीला लावू नये. विजेचं म्हणाल तर मीटर बघून येईल ते बिल आम्ही डब्यातून देऊ.

विषय आणि वक्ता यांची पूर्वमंजुरी रद्द करावी. आठवडाभर आधी विषय खालच्या फळ्यावर लिहिण्याची जबाबदारी आमची.

बाहेरची यंत्रं विजेला जोडू द्यावीत. कॉलेजच्या नेटवर्कला आम्ही हात लावणार नाही, हे लेखी देतो.

४० संगणकांचं निर्लेखन तीन महिने थांबवावं. आम्हाला चार रविवार आणि तुमची दहा मुलं द्या. प्रत्येक यंत्र तपासून चालणारं, दुरुस्तीने चालेल असं आणि खरोखर गेलेलं अशी यादी देऊ. चालणाऱ्यांवर लिनक्स बसवून देऊ, कीबोर्ड अर्थातच मुलांच्या हातात. जे गेले असतील ते ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्याकडे जावेत, किलोवर घेणाऱ्या भंगारवाल्याकडे नकोत.

सशुल्क वर्ग दुसरा रविवार सोडून घ्यावा, आणि तो कुठल्याही मुलाला सक्तीचा करू नये.

या पाचांपैकी काही शक्य नसेल तर का नाही ते आम्हाला समोर बसवून सांगावं. परिपत्रक निघण्यापूर्वी आमच्यापैकी एकालाही विचारलं गेलं नाही. संचालक मंडळातल्या कुणी या बैठकीला एकदा तरी यावं अशी मागणी मी करणार होतो, पण ती मागणी नको, आमंत्रणच समजा.

पुढची बैठक १४ जूनला आहे. विषय ठरला आहे : हनस्पेलच्या मराठी शब्दसूचीत आपले शब्द कसे भरायचे, म्हणजे शुद्धलेखन तपासताना 'भडंग'खाली लाल रेघ येणार नाही. बोलणारी तीच मुलगी आहे, जिला मॅन पेज वाचून ये म्हणून सांगितलं होतं. आम्ही दहाला दुसऱ्या मजल्यावर येऊ. कुलूप असेल तर जिन्यात बसू. तिच्या लॅपटॉपची बॅटरी दोन तास चालते, व्याख्यान वीस मिनिटांचं आहे.

आपला नम्र,
हरभट रोडवरचा एक डीटीपीवाला

ता. क. मार्चमधल्या स्नेहसंमेलनाच्या बॅनरचं बिल ऑफिसात पडून आहे. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही, पण आठवण केली.